तीन शिकाऊ आन एक हत्याराची पेटी

चाळीस वर्षं लाकूड कापलं, एक बी किस्सा झाला न्हाई. लाकूड गुमान कापून घेतं. माणसं शिकवायला बसलो आन एका महिन्यात डोकं किश्शांनी गच्च भरलं. आता ते बाहेर काढतो, न्हाईतर माझं बीपी वाढायचं!

झालं असं, की एका संस्थेनं आमच्या झरी गावात सुतारकामाचं ट्रेनिंग काढलं. शिकवायला मी. प्रत्येकानं एक साधी लाकडी पेटी करायची. खाली तळ, चार बाजूला चार फळ्या, वर धरायला दांडा. आत हत्यारं ठेवून उचलली आन तळ न्हाई सुटला, की पास. पास होईल त्याला नव्या हत्यारांचं किट, पण साऱ्या गावात एकच.

सहा जण आले. तिघं पहिल्याच आठवड्यात पळाले. म्हणे, मिस्तरी लय शिव्या देतो. देतोच! लाकडाला कशाला देऊ? त्याची काय चूक?

राहिले तीन. एक रिटायर गुरुजी, त्यांना घरात करमत न्हाई. दुसरा मोटारपंप दुरुस्त करणारा गणपत, त्याला फुकटचं किट पाहिजे. तिसरी मेंढरं राखणारी सखूबाई. तिची गोष्ट येगळी. तिच्या मेंढरांच्या वाडग्याला काट्याचं फाटक होतं. लांडग्यानं ते ओढून दोन मेंढरं नेली. लाकडी फाटक करून द्या म्हणून ती माझ्याकडं आली, तर माझे हात आता थरथरतात. न्हाई म्हणलो.

"मग मला शिकवा," म्हणली. "हात माझे हायेत की."

* * *

गुरुजींनी आधी वहीत पेटी काढली. अठरा इंच लांब, आठ इंच रुंद. रेघा अशा, की सुतानं मारल्यासारख्या. तळ अठरा कापला, बाजूच्या फळ्या बी अठरा कापल्या. ठोकून झाल्यावर तळ आत बसवायला गेले, तर जाईना! दोन्हीकडच्या फळ्यांची जाडी धरलीच न्हाई.

मी वराडलो, "गुरुजी, जाडी कुठं गेली?"

"मिस्त्री, आकृतीत रेषेला जाडी नसते."

"मग पेटी आकृतीतच ठेवा, आन तिच्यात एक हातोडी बी काढा!"

मग त्यांनी तळ कापला. इतका कापला, की आरपार खाली पडला. गुरुजींनी वही मिटली ती मिटलीच.

* * *

गणपतला बोंबलून सांगितलं होतं, की खिळा फळीच्या जाडीपेक्षा लांब घेऊ नको. पेटीच्या तळाला आतून एक पट्टी ठोकायची होती. ह्यानं घरून बोटाएवढे खिळे आणले, पेटी टेबलावर ठेवली आन दणादण ठोकत सुटला.

"मिस्तरी, या, बघा! कसली मजबूत झालीय! जागची हलंना!"

हलंल कशी? खिळे पेटीतून खाली माझ्या टेबलात गेलते! उचलायला गेला तर पेटीसंगं टेबल वर आलं. ते टेबल माझ्या बापाच्या हातचं. माझ्या डोळ्यात रक्त उतरलं.

गणपत म्हणतो, "टेबलासगट पास करा न्हं मिस्तरी."

"करतो की! उद्यापासून पंप दुरुस्त करायला जाताना टेबल डोक्यावर घेऊन हिंड!"

पहारीनं उचकटताना पेटी फाटली. टेबलाला नऊ भोकं राहिली. रोज मोजतो.

* * *

सखूबाई टेपला हात लावत न्हवती. तिचं सगळं माप वितीनं. एका बाजूची फळी तिनं मोजली. तेवढ्यात मेंढरं कुणाच्या तरी कपाशीत घुसली, ती पळाली. जाताना नवऱ्याला, बिराला, म्हणली, "दुसरी बाजू तेवढी मोजून कापा." बिरानं बी वितीनंच मोजली. बिराचा पंजा फावड्याएवढा! पेटी एकीकडं चढ, एकीकडं उतार.

"ही पेटी हाय का घसरगुंडी?" मी वराडलो.

सखूबाईनं दोन्ही बाजूला वीत लावून बघितली. "मिस्तरी, माझी बाजू बरोबर हाय. ह्येंची वीत लांब हाय."

बिरा चिडला. "मग काय करवतीनं हात कापून घेऊ?"

"तुमी करवतीला हात लावू नका. ते बी वाकडं कापताल!"

मग तिनं एक एक खिळा काढला, दगडावर ठोकून सरळ केला आन टेप मागितला. तीनदा पेटी उकलली, तीनदा जोडली. चौथ्यांदा मला शिवी सापडंना.

* * *

संस्थेचा साहेब पेट्या तपासायला आला, तो नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी आमी हत्यारं धुवून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतो. कुणी हात लावत न्हाई. वर्षभर राबतात, एक दिवस बसू द्या की!

साहेब म्हणाला, "हत्यारं पेटीत ठेवा आणि उचलून दाखवा."

"आज न्हाई. उद्या या."

"उद्या हे किट दुसऱ्या गावाला जाईल."

"मग जीपमधलं किट फोडा. त्याची कुठं पूजा झालीय?"

"पास झाल्याशिवाय किट फोडता येत नाही. रूल आहे."

माझं टाळकं सटकलं. "साहेब, तुमचा रूल लाकडाचा असता, तर आत्ता रंधा मारून पातळ केला असता!"

सखूबाईचं तोंड उतरलं. तिनं पेटीत दगड भरले. साहेब म्हणाला, "दगड नको. निदान रोजच्या कामाचं काहीतरी ठेवा."

ती बाहेर गेली. दोन बगलेत दोन कोकरं घेऊन आली. पाय दुमडून दोघांना पेटीत बसवलं, दांडा धरला आन पेटी उचलून जीपला पुरा एक फेरा मारला. तळ कुरकुरला बी न्हाई.

"लिहा!" मी वराडलो. "लिहा म्हणतो न्हं!"

साहेबानं सही केली, शिक्का मारला, किट तिच्याकडं सरकवलं. तेवढ्यात त्याला फॉर्ममधी एक रकाना रिकामा दिसला.

"पेटीत ठेवलेल्या हत्यारांची नावं?"

सखूबाई म्हणली, "एकाचं अजून ठिवलं न्हाई. दुसरीचं लिहा, चांदी."