फक्की लागलेला बॉल

हायस्कूलच्या टेनिस मॅचमध्ये आमची शाळा आणि वाशीमची शाळा बराबरीत होती. शेवटचा सामना माझी पुतणी खेळत होती. टेनिस बघताना गप बसायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक पॉइंट मिळाला की जिंकलो, अशा वेळी समोरच्या पोरीचा बॉल रेषेजवळ पडला आणि मी ओरडलो, "बाहेर!" पंचांनीही मान डोलावली. पुतणीने बॉल उचलून त्याला लागलेली रेषेची पांढरी फक्की त्यांना दाखवली.

"सर, आत होता."

तिथून सामना फिरला आणि आम्ही हरलो.

परतताना कनेरगाव नाक्यावर टीमसोबत चहा पिताना मी विचारलं, "काहून दाखवला गं?"

"काका, तुमी तर बॉल पडायच्या आधीच 'बाहेर' म्हणून राहिले होते."

हरलेली सगळी टीम खदखदून हसली. मी तिची बॅग उचलली आणि घरापर्यंत मिरवत नेली.