रडके डॉक्टर

लहान पोरांना टोचून रडवण्याचा सरकारी पगार घ्यायचा आणि रडायचं मात्र स्वतः, असा माणूस अख्ख्या जाफराबाद तालुक्यात एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. देवीची लस टोचणं हे मामांचं काम. लोक त्यांना देवीचे डॉक्टर म्हणायचे आणि मामाही ते मोठ्या मनानं चालवून घ्यायचे. वरून हुकूम यायचा, एकही मूल सुटता कामा नये. पण हुकूम काढणाऱ्यांना काय ठाऊक, की मामांची पांढरी पँट दिसली की आया पोरांना कणगीआड लपवतात! त्यावर मामांनी शोधलेला इलाज असा: सुई दंडाला लागायच्या आधीच ते "मेलो गं माय" म्हणून असा टाहो फोडत, की पोर रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडं बघत राही. तेवढ्यात काम फत्ते. एकदा तर आरोग्य केंद्राचे साहेब जीप थांबवून धावत आले, यांना विंचू चावला समजून.

मी टेंभुर्णीला मास्तर होतो, तेव्हा एकदा त्यांच्यासोबत शेजारच्या गावी गेलो. जवळच्याच वस्तीवर देवी निघाल्या होत्या, त्यामुळं घाई होती. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची आजी मात्र नातीला बाहेर काढीना. आम्ही बौद्ध, त्या ओसरीवर आमची माणसं चढत नसत. सुई तिथंच ठेवा, आमची सून टोचील, असं आजींचं म्हणणं. मला भयंकर राग आला. मामांनी मात्र अंगणातच बैठक मारली आणि शेजारपाजारची पोरं टोचताना असा काही आक्रोश मांडला, की नात धावत बाहेर आली आणि हसत हसत थेट त्यांच्या मांडीवर बसली. सगळं अंगण आजींकडं बघू लागलं. मामांनी सुई उचलली नाही.

"आजी, लेकरू तुमचं हाय," ते म्हणाले. "तुम्ही म्हनाल तरच टोचतो."

आजी ओसरीच्या कडेपर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "बसलंच हाय तर टोचा जल्दी. पर लई वरडू नका, म्हसरं बुजून राह्यली."

पुढल्या साली त्यांना नातू झाला आणि निरोप आला, तेच रडके डॉक्टर पाठवा. मामांनी सदऱ्याला इस्त्री केली, मलाही सोबत ओढलं. त्या दिवशी आजींनी आम्हाला ओसरीवर घोंगडी टाकून बसवलं, चहा दिला आणि बाळ स्वतःच्या हातानं मामांच्या हातात ठेवलं.

परतताना, एरवी एसटीच्या कंडक्टरलाही बोलू न देणारे मामा टेंभुर्णी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावोगावच्या लोकांना त्यांच्या आरोळ्या आठवतात. मला ते खिडकीबाहेर बघत गप्प बसलेले मामा आठवतात.