भर दुपारचा चांद

अकरावीत शनवारा भागातल्या ट्यूशनला माझ्यामागे बसणारा मुलगा रोज भर दुपारी म्हणायचा, “आज चांद लवकर निघाला वाटतं.” मी घरी जाऊन तासभर आरशात बघायची. शेवटी एकदा ट्यूशननंतर दोघं मावा जिलेबी खाताना मी त्याला सरळ विचारलं, “तुला मी आवडते का?”

त्याला ठसका लागला. “आवडतेस ना! पण ते रिलेशन-बिलेशन नको. आपला मजाक चालू दे.”

दोन दिवस मी रडले. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चांद काढला, तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, “सर, याला दुपारी चांद दिसतो!”

सरांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. मागून मला फक्त त्याचे कान दिसायचे. ते भलतेच मोठे होते. महिनाभरात माझं प्रेम उतरलं.