आईचं टमरेल

जानेफळच्या स्टँडवर एसटी लागली, ट्रंक टपावर चढली आणि सगळ्या बाया माझ्या गळ्यात पडून रडू लागल्या. आई तेवढी रडली नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाली, "जवाईबुवा, पुण्याच्या क्वार्टरात संडास घरातच हाये ना?" सगळे पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही.

गाववाल्यांनो, आठवतं ना, त्याच उन्हाळ्यात, माझ्या लग्नाआधी, गावात पटकीची साथ आली होती? मला लहानपणापासून संग्रहणी. टमरेल घेऊन दिवसातून कितीदा तरी गावाबाहेरच्या गोदरीकडे जाणं माझ्या पाचवीलाच पुजलेलं. एरवी तुम्ही चिडवायचे. पण गावात माणसं दगावली आणि तुमची नजरच बदलली. "पुन्हा चालली काय वं?" ज्याचा संशय येई त्याला शाळेत, पटकीच्या रोग्यांसाठी केलेल्या दवाखान्यात, नेऊन ठेवत. तिथून परत न आलेलीही होती. पोटात नुसतं मुरडलं तरी वाटायचं, हीच ती पटकी. आता मला नेणार.

मी खाणंच सोडलं. पोटात काही नसलं तर जावंच लागणार नाही! भाकर गुपचूप म्हशीपुढे टाकायची. छाती सारखी धडधडायची, उठलं की अंधारी यायची. पटकी राहिली बाजूला, मी भीतीनंच मेले असते.

आईनं मला गोठ्यात पकडलं. "काऊन वं, उपाशी मरून राह्यली?" मी रडत सगळं सांगितलं. तिनं दूधभाकर कुस्करून पुढ्यात ठेवली. "खाय. जा लागलं का मले सांग."

त्या दिवसापासून मी निघाले की तीही आपलं टमरेल भरून सोबत निघायची. एकदा ओट्यावरून कोणीतरी हटकलंच, "मायलेकी दोघीबी?"

"माहं पोट बिघडलं," आई म्हणाली. "पोरगी सोबतीले हाये."

दुसऱ्याच दिवशी तिला शाळेत नेलं. जाताना बजावून गेली, "भाकर म्हशीले टाकशील तं पाहाय."

मी रडत रडत जेवत होते. साथ ओसरल्यावर आई परत आली, अर्धी होऊन, पण आपल्या पायांनी. तुमच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

इथं फ्लश आहे, कडी आहे, कोणी बघत नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी पोटात मुरडा आला की मी कडी लावण्याआधी जरा थांबते. मागून तिनं टमरेल भरायला घेतलं का, ते ऐकते.