काळं पान, पांढरं पान

मला चिडायला फार काही लागत नाही. त्या दिवसांत तर सकाळी फोन उघडला की मी चिडायचो, कारण भाजीच्या भावाचं पान काळंकुट्ट झालेलं असायचं आणि त्यावर पिवळी अक्षरं. हा उद्योग माझ्या धाकट्या भावाचा.

शेलूबाजारजवळ आमची भाजीची वाडी. घरात आम्ही दोघंच. आई गेली आणि लग्नाचं दोघांचंही कुठं जमलं नाही. वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तोडून झाल्या की माल वाशीमला पाठवायचा की कारंज्याला, हे जीप यायच्या आत ठरवावं लागायचं. त्यासाठी भाव दाखवणारी एक वेबसाइट होती. तिच्यावर आम्ही दोघांनी मिळून एकच खातं काढलं. एका चुलीवर जेवणाऱ्यांना दोन खाती कशाला, हा आमचा शहाणपणा. त्या साइटवर एक सोय होती. पानाचा आणि अक्षरांचा रंग आपापल्या डोळ्यांना मानवेल तसा निवडता यायचा. पण निवड खात्याची, फोनची नाही. एकानं रंग बदलला की दुसऱ्याच्या फोनवरही बदलायचा.

भावाच्या डोळ्यांना लहानपणापासून उजेड सोसत नाही. पांढरं पान पाहिलं की त्याच्या डोळ्यांना धारा लागतात. मला मात्र बांधावर भर उन्हात भाव बघायचा असतो. तिथं पांढऱ्यावर ठळक काळं असेल तरच दिसतं.

"दादा, काहून पांढरं केलं? माहे डोये पोयते ना!" तो घरातून ओरडायचा.

"मंग म्या काय तुह्या अमावस्येत भाव शोधू?" मी वाफ्यातून.

रोजचं होतं हे. शेजारी हसायचे.

मग एकदा आमचं खरंच वाजलं. त्याला भाजी मोडून सगळीकडे सोयाबीन पेरायचं होतं, मला नव्हतं. शब्दानं शब्द वाढला. "तुही वाडी तुले लखलाभ," असं म्हणून तो बॅग घेऊन जीपमध्ये बसला. पुण्याकडे एका गोदामात कामाला लागला, हेही मला शेजाऱ्याकडून कळलं. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. मोठा होतो ना मी.

घर खायला उठतं म्हणजे काय, ते तेव्हा समजलं. एकट्यापुरती भाकर टाकायचाही कंटाळा येई. वाडीत दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. निघालाच तर बैलावर खेकसण्यापुरता.

असाच एका सकाळी बांधावर फोन उघडला, तर पान काळं. सवयीनं आधी शिवी घातली आणि मग तिथंच खाली बसलो. पुण्यात बसून वाशीमच्या वांग्याचा भाव बघायचं त्याला काय अडलं होतं? मी पान पांढरं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं.

त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे एवढंच. सकाळी पान काळं दिसलं की मला हायसं वाटायचं. गडी उठलाय, कामावर जायच्या आधी आपली वांगी बघून गेलाय. मग मी मुद्दाम पांढरं करायचो, जरा जळू दे डोळे म्हणून. खोटं कशाला बोलू, त्यालाही माझं कळावं म्हणून.

पुढं साइटवाल्यांनी सुधारणा केली. पानावर वरच सूचना आली की आता ज्याच्या फोनवर जो रंग निवडला असेल तोच कायम राहील, दुसऱ्या फोनमुळे बदलणार नाही. ही सोय बऱ्याच जणांनी मागितली असणार. पूर्वी मिळाली असती तर मीच पेढे वाटले असते.

माझं पान पांढरंच राहिलं. रोज. भर उन्हात एकेक आकडा ठसठशीत दिसायचा आणि मला तो बघवत नव्हता. एकदा मीच ते काळं करून पाहिलं. उन्हात त्यात भाव दिसेना, माझंच तोंड दिसायला लागलं. परत पांढरं केलं. तो भाव बघतो की नाही, बरा आहे की नाही, कळायला काही मार्ग उरला नाही. कितीदा त्याचा नंबर काढला आणि तसाच फोन खिशात टाकला.

मग एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधत असताना फोन वाजला. भावाचा. हॅलो नाही, काही नाही.

"दादा, तू भाव पाहनं सोडलं काय?"

"काहून?"

"माह्या फोनात पान रोज कायंच राह्यते. तू पांढरं करूनच नाई राह्यला. मले वाटलं, तू हायस का नाई."

पानावरची सूचना त्यानं वाचलीच नव्हती. साइटवाल्यांनी काय बदललं ते त्याला सांगावं, एवढंही सुचलं नाही.

"हाय ना बापा," मी म्हटलं. "वाडीतच हाय."