स्पीकरमधला भुंगा

विजेतलं मला काहीही कळत नाही, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. घरच्यांना ते बरंच आधी माहीत होतं.

त्याचं असं झालं. आमची मुक्ता फळप्रक्रिया शिकली आणि नाशिकच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. तिने केलेल्या चिकूच्या पावडरीचा प्रकल्प दाखवायचा होता, म्हणून कॉम्प्युटर हवाच होता. मोबाइलचा तसाही उपयोग नव्हता; आशागडला आमच्या वाडीत रेंज हवी असेल तर शेवटच्या चिकूच्या झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं!

मंगळवारी मुक्ताने कॉम्प्युटर लावला आणि खोलीत घुर्रर्र सुरू झालं.

शेजारचे नवीनभाई ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी कान टवकारले. "अरे, आ तो भमरो छे!"

भमरो म्हणजे भुंगा. झालं! मी झाडू घेतला, नवीनभाईंनी टॉवेल. आम्ही पडदे झटकले, कपाट सरकवलं, माळ्यावरचे डबे उतरवले. तासभराने माझी बायको सुलभा आत आली, तिने मुक्ताने नुकत्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या स्पीकरचं बटण दाबलं आणि भुंगा गप्प झाला.

"सापडला?" तिने विचारलं. नवीनभाई टॉवेल खांद्यावर टाकून घरी गेले.

आता खरं तर कोणीतरी जाणकार बोलवायचा. पण मी एकदा मिक्सर दुरुस्त केला होता. (प्लग निघालेला होता, तो मी परत खोचला. पण दुरुस्ती ती दुरुस्तीच.) मी स्क्रू ड्रायव्हर काढला. स्पीकर उघडला, फुंकर मारली, सगळे स्क्रू आवळले. चार स्क्रू काढले होते, लावताना तीनच भरले. आणि घुरघुर? ती आता जास्त ऐटीत येऊ लागली.

"बाबा, राहू द्या. मी हेडफोन लावून बसेन," मुक्ता म्हणाली.

"वायर खराब आहे," मी निदान केलं. "दुसरी चांगली वायर जोडली की झालं."

बुधवारी दुपारी मी एक चांगली वायर शोधून, कापून, स्पीकरला जोडली. घुरघुर तशीच. तेवढ्यात मुक्ता खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात हेडफोन होते. म्हणजे, कानाला लावायचा भाग होता. वायर नव्हती.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने तो भाग नुसता माझ्या पुढ्यात ठेवला. चार महिने ती या एका मुलाखतीची वाट बघत होती. मला त्या क्षणी वाटलं, स्वतःलाच कुठल्यातरी कपाटामागे सरकवून द्यावं.

गुरुवारी सकाळी पावणेअकराला सुलभाने उधव्याला तिच्या धाकट्या बहिणीला, हेमाला घरच्या लँडलाइनवरून, सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला. हेमा वायरमनचा अभ्यासक्रम शिकवते. आदल्या दिवशीच तिला फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. मीच करू दिला नव्हता! मेव्हणीसमोर हार मानायची म्हणजे काय?

"भाऊजी, पहिली गोष्ट, कशाला हात लावू नका," हेमा म्हणाली. "ताई, तू बघ. कॉम्प्युटरच्या प्लगला पिना किती आहेत?"

"दोन," सुलभा म्हणाली.

"तीन असायला हव्यात. वरची जाडी पिन कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून दिवाळीच्या आधी मी ती जाडी पिन करवतीने कापली होती. मला ती जास्तीची वाटली!

"अहो, ते अर्थिंग!" हेमा फोनमधून ओरडली. "म्हणून आवाज येतोय. प्लग घेऊन मी निघते, पण साडेअकरा तरी होतील."

मी खजील होऊन कॉम्प्युटरमध्ये जाणारी स्पीकरची पिन नीट खोचायला गेलो. पिनच्या धातूला बोट लागलं आणि घुरघुर थांबली. बोट काढलं, सुरू. लावलं, बंद.

"असं करायचं नसतं, भाऊजी! धोका असतो!" सुलभाने सांगताच हेमा फोनमधून म्हणाली. तिचं बरोबर होतं. तुम्ही कोणी करू नका. पण अकराला पाच मिनिटं कमी होती, आणि मी गुन्हेगार होतो. टेबलामागे अनवाणी, वाकून, पिनला बोट लावून मी उभा राहिलो.

मुलाखत पाऊण तास चालली. मुक्ता सुंदर बोलली. चिकू किती तापमानाला वाळवायचा, रंग का काळा पडतो, सगळं खणखणीत. माझ्या कमरेने केव्हाच राजीनामा दिला होता. शेवटी पलीकडच्या बाई म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या मागच्या आरशात कोणाचं तरी डोकं दिसतंय."

मुक्ता म्हणाली, "ते माझे बाबा. ते सध्या आमचं अर्थिंग आहेत."

तिने खरं ते सगळं सांगितलं, अगदी कापलेल्या पिनेसकट. पलीकडे मुलाखत घेणारे तिघेही पोट धरून हसले. मला वाटलं, गेली नोकरी.

हेमा पावणेबाराला आली आणि दहा मिनिटांत प्लग, बोर्ड, सगळं बदलून मोकळी झाली. आणि पुढच्या सोमवारी, ती पुन्हा आमच्याकडे आली असताना, निरोप आला: मुक्ताची निवड झाली! सुलभाने पेढे काढले. मुक्ता माझ्या गळ्यात पडली. माझा ऊर असा भरून आला, की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "नाशिकच्या खोलीतलं वायरिंग मी स्वतः येऊन करून देतो!"

"नको!" तिघी एकदम किंचाळल्या.

नेमकी तेव्हाच बोंबील विकणारी मावशी दारात आली होती. तिला वाटलं, तिलाच म्हणाल्या. ती फणकाऱ्याने निघून गेली, आणि एवढ्या आनंदाच्या दिवशी माझ्यामुळे अख्खं घर वरणभात जेवलं.