मावशीच्या रक्ताचा कागद

"घे, पण सांगजो मातर," असं म्हणत तिने बाही वर सरकवली.

अमरावतीबाहेर कारखान्यांच्या नाल्याला लागून भाजीचे मळे आहेत. तिथल्या माणसांच्या रक्तात कारखान्यांची रसायनं उतरलीत का, हे तपासायला आमच्या प्रयोगशाळेने जवळच्या शाळेत शिबिर ठेवलं होतं. रक्त काढायचं काम माझं. सगळे एकमेकांकडे बघत उभे होते, तेव्हा साठीतली ही मळेवाली पहिली येऊन बसली. सुई टोचताना आपण मान फिरवतो. ही टक लावून बघत होती.

"माह्यंच रगत हाय न. पाहू दे."

पुढे बाजाराच्या दिवशी ती टोपलीसकट प्रयोगशाळेत यायची. "आला का व कागद?" मी नाही म्हटलं, की मेथीची जुडी टेबलावर ठेवून जायची. ती मी घरी न्यायचे.

तपासणीचा कागद आला तेव्हा त्यावरचा रसायनांचा आकडा वाईट होता. मी तिला बसवून सांगितलं, "मावशी, ही रसायनं अंगातून लवकर जात नाहीत. वर्षानुवर्षं राहतात."

स्वतःबद्दल तिने काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "अन् ज्यायनं माही भाजी खाल्ली, त्यायचं?"

भाजीची तपासणी कोणी केलीच नव्हती. मी तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रिकाम्या हाताने नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरू लागली. "बाई, माही भाजी नोका घेऊ. माह्या रगतात जहर निंगालं." कोणी पाणी विचारलं, कोणी दार लावून घेतलं. शेजारचे मळेवाले चिडले. "आमचा धंदा काहून बुडवून राहिली व?" तिच्याशी बोलणंच टाकलं त्यांनी. तिने मळा पडीक ठेवला.

सगळ्यात शेवटी ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"तुह्या पोरी खात होत्या न व मेथी?"

"हो, मावशी."

तिने माझा हात धरला.

त्या उन्हाळ्यात ती गेली. कशाने, ते कोणालाच नक्की सांगता आलं नाही.

फेरतपासणीसाठी घेतलेली तिच्या रक्ताची एक नळी अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहे. नळीवर नाव नाही, नुसता क्रमांक. तिच्या शेजारच्या खाचांत आता माझ्या दोन्ही मुलींच्या नळ्या आहेत. त्यांचं रक्त मीच काढलं.